आकारामांच्या पोटरीतली शीर

मी एक जुनी शीर आहे. माझ्याविषयी ऐकण्यासारखे काही आहे का, अशी शंका मला अजूनही येते. पण मित्रांनो, तुम्ही थांबलाच आहात, तर सांगते.

आकाराम यांच्या पोटरीत माझा जन्म झाला. ते शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायचे. सगळे काम उभ्याचे. पावलाकडचे रक्त सावकाश वर नेणे, एवढेच मला येत होते. घाई मला ठाऊकच नव्हती.

१९९२ साली त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी मला पायातून काढले आणि उलटी करून हृदयावर शिवले. उलटी अशासाठी, की माझ्या आतल्या झडपा रक्ताच्या आड येऊ नयेत. तिथे रक्त धो धो येई आणि माझी भिंत तर पातळ. मी घाबरूनच गेले. पण हृदयाचा उपाशी कोपरा पुन्हा जोमाने हलू लागला, तेव्हा आपण कुणाच्या उपयोगी पडतो आहोत, असे वाटले.

आकाराम येणाऱ्या-जाणाऱ्याला छातीवरचा व्रण दाखवत. "नवी पाइप बसवलीया. आता बघायला नगं!"

मी नवी नव्हते, मित्रांनो. त्यांच्याच वयाची होते. पण मला कोण विचारणार?

तंबाखू पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी मित्र कृष्णात यांच्याबरोबर दूधकट्टाही सुरू झाला. समोर म्हैस पिळायची आणि फेसाळ दुधाचा पेला उभ्यानेच रिकामा करायचा. जोराच्या रक्ताने माझी भिंत जाड होत गेली, आत चरबीचा थर बसला. २००२ साली माझ्यातून जेमतेम धार जाऊ लागली. तेव्हा कोल्हापुरातल्या डॉक्टरबाईंनी मांडीतून बारीक नळी घालून माझ्यात फुगा फुगवला आणि वाट उघडी राहावी म्हणून धातूची जाळी बसवली.

"वाट उघडलीय, पण शीर जुनी आहे," त्या म्हणाल्या. "अशा शिरा पुन्हा अरुंद होतात. छातीत भरून आलं, की त्याच दिवशी या."

"येतो की," आकाराम म्हणाले.

वर्षाच्या आत मी जाळीच्या टोकाशी आक्रसू लागले. शिरेला आवाज नसतो. दुखणे हाच तिचा आवाज. चढ लागला की त्यांच्या छातीत जळजळ होई. त्यांनी ते पित्त समजले, आणि पित्तावर उपाय म्हणून कट्ट्यावरचे दूध. पेला संपेपर्यंत उभे राहिले, की जळजळ थांबे. ती दुधाने थांबत नव्हती, पाय थांबल्याने थांबत होती. त्यांना मात्र औषध सापडले होते.

एका संध्याकाळी दुधानेही जळजळ थांबेना. अंगाला घाम सुटला.

"आणि एक पी," कृष्णात म्हणाले. "पित्त हट्टी हाय."

तेवढ्यात आकारामांच्या पत्नी अंबूबाई रिक्षा घेऊन कट्ट्यावर आल्या; चढावरचे त्यांचे थांबणे त्या बरेच दिवस बघत होत्या. बायका तिथे सहसा उभ्या राहत नाहीत.

"पित्त चढावरच कसं वो उठतंय? घरात बसल्यावर कुठं जातंय?"

"गप की. लोक बघाल्यात."

"बघू देत. बसा रिक्षात!"

"वैनी, पेला तरी संपवू दे."

"तुमीच संपवा, आणि तुमीबी चला तपासायला!"

आणखी उशीर झाला असता, तर हृदयाचा तो कोपरा कायमचा मेला असता. डॉक्टरबाईंनी मला दुसऱ्यांदा उघडले.

आता २००९ साल आहे. मी पुन्हा मिटत चालले आहे. यावेळी मला उघडायचे नाही, असे डॉक्टरबाईंनी ठरवले आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच माझ्या शेजारी छातीतली एक धमनीही जोडली होती. ती अजून धडधाकट आहे आणि माझा बराच भार तिने उचलला आहे. आकाराम तंबाखूशिवाय, गोळ्या घेत, हळूहळू चालतात. मी पूर्ण बंद होईन, तेव्हा त्यांना ते कळूही नये, एवढीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, दुरुस्त झालेल्या माणसाला नवा समजू नका. तुमच्याबरोबर चालता चालता आजोबा एखाद्या दुकानाची पाटी उगाच वाचत उभे राहिले, तर त्यांचा हात धरा आणि विचारा, "छातीत भरतंय का?" ते नाही म्हणतील. हात सोडू नका.