ओव्हीद डेजार्लेंचे दगड

ओव्हीद डेजार्लेंवर जो आळ आला तो खोटा होता. हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी, आणि मी तोंड उघडलं नाही. उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

माझं नाव मार्लिस ड्यूक. कॅनडातल्या सास्कॅचवान प्रांतात, एका विद्यापीठात उल्कांची प्रयोगशाळा होती, तिथं मी तेरा वर्षं तंत्रज्ञ होते. दगड कापायचे, दळायचे, भांडी भट्टीत तापवून स्वच्छ करायची, कुठला तुकडा कुठल्या डब्यात आहे ते लिहून ठेवायचं. शोध लावायचं काम प्रोफेसर स्ट्रॅथर्न यांचं. पृथ्वीवरचा जीव पृथ्वीवर जन्मलाच नाही, तो उल्कांच्या पोटात बसून आभाळातून आला, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. चाळीस वर्षं ते हेच म्हणत होते आणि चाळीस वर्षं लोक मान डोलावून दुसऱ्या विषयाकडे वळत होते.

त्या जानेवारीत, उजाडता उजाडता, उत्तरेकडच्या एका गोठलेल्या तळ्यावर उल्का फुटली. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतला फोन वाजला. तो मीच घेतला.

"आभाळातले दगड बघणारं कुणी आहे का तुमच्याकडे?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

"आहे ना. तुम्हाला सापडलाय का एखादा?"

"बारा सापडलेत. हात लावलेला नाही कशाला. पण लवकर या बाई. थंडीचा काय भरवसा, कधी पळून जाईल."

तिथं तेव्हा उणे छत्तीस होतं.

तेच ओव्हीद. एकाहत्तर वर्षांचे, मेटी या तिथल्या जुन्या जमातीचे, बाप-आज्यापासून त्याच तळ्याभोवती मार्टिन नावाच्या केसाळ जनावरासाठी सापळे लावत आलेले. आम्ही दोघं, प्रोफेसर आणि मी, दुसऱ्या दिवशी आठ तास गाडी हाकत त्यांच्या घरी पोचलो. ओव्हीदनी आधी आम्हाला गरम रस्सा आणि तव्यावरची बॅनक रोटी खाऊ घातली, मगच मागच्या पडवीत नेलं. पडवीला शेकोटी नव्हती, आतबाहेर थंडी सारखीच. स्टीलच्या एका बादलीत बारा पिशव्या होत्या आणि प्रत्येकीत अक्रोडाएवढा काळा, ठिसूळ, कोळशासारखा दगड.

"कशानं उचललेत?" प्रोफेसरांनी विचारलं.

"पिशवी उलटी करून हातात घातली आणि दगडावर पालथी केली. हातमोजे होते, तेही उकळलेले. आणि तोंड वाऱ्याकडे."

"तोंड का वाऱ्याकडे?"

ओव्हीदनी त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "प्रोफेसर, साठ वर्षं मार्टिन पकडतोय मी. सापळ्यावर माणसाचा श्वास पडला ना, तर ते जनावर आठ दिवस फिरकत नाही. मला वाटलं, आभाळातली वस्तू त्याहून नाजूक असणार."

परत येताना प्रोफेसर गाडीत म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा हा माणूस बरा गं, मार्लिस." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत.

निघण्याआधी त्यांनी ओव्हीदना आपलं म्हणणं समजावून सांगितलं होतं. सगळा जीव मुळात बाहेरून आला, म्हणजे आपण सगळेच या जमिनीवर पाहुणे. ओव्हीदची नात रोझान दाराशी टेकून ऐकत होती. तिथल्या शाळेत ती शिकवायची. ओव्हीद तिच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? हे बाहेरून आलेत, हे यांना आत्ता कळलं. आपल्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे."

रोझान हसली. प्रोफेसरही हसले, पण जरा उशिरा.

मार्च महिन्यात एक बांधकाम व्यावसायिक प्रयोगशाळा बघायला आले. नवी इमारत त्यांच्या देणगीतून व्हायची होती. त्यांना सर्दी झाली होती, बोलताना सारखा रुमाल नाकाशी जायचा. प्रोफेसरांनी सातव्या नंबरचा डबा मागितला.

"कपाटात, हातमोज्यांतूनच दाखवू या का?" मी म्हणाले. आमच्याकडे काचेचं बंद कपाट असतं, त्यात हात घालायला मोजे बसवलेले असतात.

"एका मिनिटाचा प्रश्न आहे, मार्लिस. दगडाला डांबरासारखा वास येतो म्हणतात, तो यांना येऊ दे की."

डबा टेबलावर उघडला. पाहुण्यांनी दगड बोटांत धरला, नाकाशी नेला, जोरात हुंगला. "अहो, हा तर नव्या रस्त्यासारखा वास!" सगळे हसले. पाहुणे गेले. मी वहीत लिहायला पेन उचललं तर प्रोफेसर म्हणाले, "एवढं कशाला लिहितेस? उगाच कुणी वाचलं तर बाऊ होईल. हा तुकडा आपण नुसता दाखवायला ठेवू." मी पेन खाली ठेवलं.

पण मेमध्ये हातातले तुकडे कमी पडायला लागले आणि प्रोफेसरांनी सात नंबरच काढायला सांगितला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "आतला गाभा घेऊ आपण. वरचं साल काढून टाक." त्या दगडाला साल कसलं? बोटानं दाबला तर भुगा होणारा दगड तो, चहात बिस्कीट भिजावं तसा आरपार भिजणारा. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी कापला.

त्या तुकड्यात जिवंत पेशी सापडल्या.

पुढचे चार महिने वेडाचे होते. शोधनिबंध छापून आला, टीव्हीवाले आले, चाळीस वर्षं मान डोलावणारे लोक आता प्रोफेसरांच्या दाराशी रांग लावून उभे राहिले. सत्तरीच्या त्या माणसाला मी व्हरांड्यात शीळ घालत चालताना पाहिलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. माझं नाव निबंधात सहाव्या नंबरला होतं. मी स्वतःला सांगत होते की कोण जाणे, खरंच गाभ्यातलं असेल. बाकीचे अकरा दगड, ज्यानं मागितले त्याला, कापून, दळून वाटले गेले. त्यांत काही निघालं नाही, पण तेव्हा ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. निबंधात ओव्हीदचा उल्लेख 'एक स्थानिक रहिवासी' असा होता. त्यांनी मला फोन करून विचारलं, "पोरी, तो रहिवासी मीच का?"

"तुम्हीच."

"मग ठीक. मला वाटलं, माझ्यामागून आणखी कुणी येऊन गेलं."

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी त्या पेशींची जनुकं वाचली. तो जीवाणू जगातल्या निम्म्याअधिक माणसांच्या नाकात राहतो.

चौकशी समिती बसली. प्रोफेसरांनी लेखी दिलं की नमुना विद्यापीठात येण्याआधी पाच दिवस सापडणाऱ्याच्या घरी होता, घरगुती परिस्थितीत, शिकारीच्या मांसाजवळ. दूषित झाला तो तिथंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"तुला काही विचारतील. काय आठवतंय तुला मार्चमधलं?"

मी हातातली नोंदवही मिटली.

"तुझा करार जूनमध्ये संपतो ना? त्याचे कागद माझ्याच टेबलावर आहेत," ते म्हणाले. मग एकदम थकल्या आवाजात, "मार्लिस, त्या म्हाताऱ्याचं यात जाणार काय आहे? त्याला कुठं निबंध छापायचेत? माझं सगळं आयुष्य आहे गं यात."

समितीत तिघं होते. त्यांनी विचारलं, दगड प्रयोगशाळेत कधी उघड्यावर काढला होता का? मी म्हणाले, "माझ्या नोंदवहीत तसं काही नाही."

हे खरं होतं. म्हणून तर इतक्या सहज बोलता आलं.

निबंध मागे घेतला गेला. वर्तमानपत्रांनी चेष्टेचा विषय केला: सापळेवाल्याची शिंक, मंगळावरचा पाहुणा. एका व्यंगचित्रात लोकरी टोपीतला म्हातारा दगडावर नाक शिंकरत होता. प्रोफेसरांना वाईट वाटलं असं सगळे म्हणाले. एका बेफिकीर माणसामुळे मोठ्या शास्त्रज्ञाचं नुकसान झालं असंही म्हणाले. माझा करार तीन वर्षांसाठी वाढला.

त्यानंतर मी काही महिने नोकरी केली. रोज सात नंबरचा रिकामा डबा फळीवर दिसायचा. मार्चमध्ये एका शनिवारी गाडी काढली आणि उत्तरेला गेले.

दार रोझाननं उघडलं. तिनं मला ओळखलं आणि बाजूला झाली, पण आत ये म्हणाली नाही. ओव्हीद टेबलाशी बसून बुटाला टाका घालत होते.

"गावात आता मला 'शिंक्या' म्हणतात," ते मला बघून म्हणाले. "दुकानात गेलो की पोरं नाक धरतात. बस."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सर्दी झालेला पाहुणा, उघडा डबा, वही, करार, समिती. ते टाका घालत राहिले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी दात लावून दोरा तोडला.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"आणि हे तू मला सांगतेस. समितीला सांगितलंस?"

"सांगणार आहे. पण नुसत्या माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवणार नाहीत. वहीत काही नाही. तुमचे बाराही दगड संपले; अकरांत काही निघालं नाही, पण ते आमच्या हातून गेलेले, त्यांचा पुरावा कुणी धरत नाही. एखादा जरी तुमच्या हातचा, न उघडलेला दगड असता, तर तपासून दाखवता आलं असतं की तुम्ही गोळा केलेलं स्वच्छ होतं."

ओव्हीद उठले, मला पडवीत घेऊन गेले. बादलीत एक पिशवी होती. गेल्या वर्षी बर्फ वितळायच्या आधी किनाऱ्याच्या लव्हाळ्यात तेरावा दगड सापडला होता. उन्हाळाभर त्यांनी तो एका रिकाम्या फ्रीजरमध्ये जपला होता. आम्हाला बोलावून द्यायचा होता, तोवर वर्तमानपत्रं आली.

"हा मला द्या," मी म्हणाले. "ओव्हीद, हा दिलात तर सगळं सिद्ध होईल."

त्यांनी बादली पायानं मागं सरकवली.

"पोरी, तू माफी मागायला आलीस की दगड न्यायला?"

रोझान मागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मुशुम, देऊन टाका. निदान तुमचं नाव तरी साफ होईल." आजोबांना ती मुशुम म्हणायची.

"माझं नाव मळलंय कुठं?" ओव्हीद म्हणाले. आवाज चढला नाही. "त्या प्रोफेसरानं या पडवीत उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं. हिनं पाहिलं. दोघांनी पाहिलं ना? मग आता दगडानं काय वेगळं सांगायचंय? माणसांनी सांगितलं नाही, ते दगडाला विचारता?" मग माझ्याकडे न बघता, "तू जा. रस्त्यावर बर्फ पडायच्या आत जा."

रोझान मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिनं गाडीचा दरवाजा लावला.

मी समितीला सात पानांचं पत्र लिहिलं, राजीनाम्यासकट. साडेचार महिन्यांनी उत्तर आलं: निबंध आधीच मागे घेतला असल्यामुळे प्रकरण पुन्हा उघडण्याचं प्रयोजन दिसत नाही; तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रोफेसर त्याच उन्हाळ्यात मानानं निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणाचा विषय होता, 'नमुन्यांची स्वच्छता: एका चुकीतून शिकलेलं'. वर्तमानपत्रांना मी पत्र पाठवलं, त्यांतल्या एकानं आतल्या पानावर तीन ओळी छापल्या. त्या कापून ओव्हीदना पाठवल्या. पोच आली नाही. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा रोझाननं घेतला आणि माझा आवाज ऐकून ठेवला.

आता मी एका छोट्या गावच्या पाणीपुरवठ्यात नळाचं पाणी तपासते. जीव आभाळातून आला की इथल्याच चिखलात जन्मला, याचा विचार पूर्वी रोज करायचे. प्रोफेसरांचं म्हणणं चूक आहे असं आजही कुणी दाखवलेलं नाही, बरोबर आहे असंही नाही. त्या तळ्यावर पडलेल्या दगडांइतके ताजे, थंड आणि न हाताळलेले दगड आमच्या हाती पुन्हा आले नाहीत. उत्तर त्यांतच होतं असं नाही. पण विचारायची ती चांगली संधी होती, आणि ती आम्ही एका पाहुण्याला हुंगायला दिली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याच भागात आणखी एक उल्का फुटली. त्या विद्यापीठातले दोन तरुण संशोधक तिकडं गेले. अकरा दिवस गावात राहिले, दारोदार फिरले, दुकानात चिठ्ठ्या लावल्या. सगळ्यांनी कॉफी पाजली. दगड कुणी पाहिला नव्हता. आवाज कुणी ऐकला नव्हता. शाळेत विचारायला गेले तर शिक्षिकेनं सांगितलं, त्या सकाळी आम्ही सगळे झोपलो होतो.