चंद्रीचं दूध आणि पंचफुलाबाईचे डोळे

मी चंद्री, साखरा गावच्या पंचफुलाबाईची शेळी. रवंथ करता करता माझी हकिकत सांगते, ऐका.

मला जन्म देऊन आई गेली. पंचफुलाबाईनं दुधात भिजवलेला कापसाचा बोळा चोखवून मला जगवलं. तिच्या पदराखाली वाढले, त्यामुळे जरा लाडावलेच. धार काढायला दुसरं कुणी बसलं, की मी लाथ मारून तांब्या उलटा करायची. तिला त्याचं कोण कौतुक! "माही चंद्री दुसऱ्याला हात लावू देत न्हाई," असं ती गावभर सांगायची.

पुढं तिची नजर अधू होत गेली. तिच्या हातातली पेटती काडी चुलीच्या बाहेरच फिरायची. आम्हा शेळ्यांना ती पाठीवर हात फिरवून ओळखू लागली. माणसांचं मला नवल वाटतं. शेळी जरा लंगडली तर लगेच डॉक्टर बोलावतात, स्वतःचे डोळे गेले तर 'वय झालं' म्हणतात.

एकदा गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई, दीपमाला, घरी आल्या. बॅटरी लावून त्यांनी डोळे पाहिले.

"मावशी, मोतीबिंदू पिकलाय. आपरेशन केलं की दिसंल. दवाखान्याची गाडी गावातूनच नेते, गावातच आणून सोडते. सोबतीला मी हाय."

"अन् मागं धार कोण काढंल?"

"म्या हाय ना, आत्या," सून शिवकन्या म्हणाली.

"चंद्री तुला जवळ येऊ देईल व्हय?"

दीपमाला तशाच परत गेल्या. संध्याकाळी मात्र माझ्या मानेशी तोंड आणून ती पुटपुटली, "जे थोडं दिसतंय, तेबी गेलं तर गं?"

मला काय बोलता येणार! मी तिचा हात चाटला.

काही दिवसांनी माझं तान्हं करडू उंबऱ्यापाशी उन्हात झोपलं होतं. पंचफुलाबाई घागर घेऊन आली आणि तिचा पाय त्याच्यावर पडला. करडू किंचाळलं. घागर टाकून ती खाली बसली, दोन्ही हातांनी त्याला चाचपू लागली. पाय मोडला होता. शिवकन्यानं कामट्या बांधल्या. पंचफुलाबाईनं त्याला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "दीपमालाला सांग, माहं नाव घाल म्हणावं."

गाडी गेली त्या संध्याकाळी शिवकन्या तांब्या घेऊन माझ्यापाशी बसली. सवयीनं माझा पाय उचलला गेला.

"चंद्रे," ती हळूच म्हणाली, "तू अशी करून राहिलीस, तर आत्यायचा जीव तिथं दवाखान्यात लागायचा न्हाई."

मी पाय खाली ठेवला.

एका डोळ्याचं आपरेशन करून पंचफुलाबाई काळा चष्मा लावून परतली. आधी तिनं मला पाहिलं, मग कामट्यांतल्या करडाला जवळ घेतलं. तेवढ्यात शिवकन्या चहा घेऊन आली. पंचफुलाबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"पोरी, इतकी वाळलीस काहून?"

"आत्या, म्या तर कवाची अशीच हाय."

पंचफुलाबाईनं तो चहा तिलाच प्यायला लावला.

आता माझी पहिली धार शिवकन्याच्या पेल्यात जाते. ती पिईपर्यंत सासू समोरून हलत नाही. दुसऱ्या डोळ्यासाठी गाडी परत येणार आहे.

तुमच्याही घरात कुणी चाचपडत असेल, तर आधी त्यांना सांगा, 'तुमच्या शेळ्या आम्ही सांभाळू.' मग हाताला धरून गाडीत बसवा. शेळ्यांची काळजी करू नका. आम्ही धारेला नीट उभ्या राहतो.