गटाराला सांगितलेलं नाव

मोटारीतून उतरताच मर्ल मावशीने कमरेवर हात ठेवले. "या खेपेला काय हवंय? रस्त्याला आमच्या भाषेतलं नाव, की भिंतीवर आमच्या चित्रांतलं कासव?"

"मावशी, गप ना!" टॅरिन पुटपुटली. ती मावशीची भाची आणि पर्थच्या एका नगरपालिकेत आराखडे काढणारी. या पडीक जागेवरचं वाचनालय तिचं पहिलंच काम. आराखडा संध्याकाळी मंजुरीला जाणार होता. फक्त या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, न्यूंगार वडीलधाऱ्यांच्या सहीची चौकट रिकामी होती.

मावशी चौकटीकडे न बघता सिमेंटच्या गटाराकडे गेली. मूठभर वाळू काखेत चोळून तिने ती खालच्या बोटभर पाण्यात टाकली. "मी मर्ल, एलिझाची मुलगी. सोबत भाची आहे. जरा शिष्ट झालीय, पण आपलीच."

इंजिनिअर गॅविनने हसू दाबलं. "आजी, हे गटार आहे, नदी नव्हे."

"बूट घातलेस की तू गॅविन राहत नाहीस का रे?"

टॅरिनचे कान तापले. लहानपणी तीही प्रत्येक पाण्याला असा घामाचा वास द्यायची, नाव सांगायची. नोकरी लागल्यापासून सोडलं होतं. सिमेंटमधलं पाणी कुठे आपलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"वाचनालय कुठे?" मावशीने विचारलं.

टॅरिनने समोरचा सखल भाग दाखवला. तिथे कागदी सालीची अकरा झाडं होती.

"जमीन तपासलीत कधी?"

"फेब्रुवारीत. चार मीटर खोल कोरडी ठाक."

"ऐन बुनुरूत, इथल्या भर उन्हाळ्यात! आणि मकुरूत, जून-जुलैच्या पावसात कोण आलं होतं?" मावशीने झाडाच्या खोडावर हात फिरवला. गुडघ्याच्या वर चिखलाची फिकट रेघ होती. प्रत्येक झाडावर, त्याच उंचीवर. "ही झाडं पाय ओले ठेवूनच वाढतात. पाणी दर वर्षी इथे घरी येतं, पोरी. तू त्याच्या बिछान्यावर पुस्तकं रचतेयस."

गॅविनने रेघेला मोजायची टेप लावून पाहिली आणि हसायचं विसरला.

टॅरिनने एका रेघेवरून बोट फिरवलं. मग आराखड्याची गुंडाळी करत म्हणाली, "हा आज मंजुरीला जात नाही. वाचनालय त्या उंचवट्यावर नेऊ. खिडक्या इकडे. हा खळगा मोकळा ठेवू."

"साहेब उखडतील," गॅविन म्हणाला.

"उखडू देत."

ती गटाराशी वाकली. इस्त्रीच्या शर्टात हात घालून तिने वाळू काखेत चोळली आणि हलकेच सोडली. "मी टॅरिन. मर्लची..."

"मोठ्यानं बोल," मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "सिमेंटात राहून पाण्याच्या कानांना दडे बसलेत. शिवाय तू किती वर्षांनी आलीयस!"