गूळ कुणी टाकला

मित्रांनो, या घराच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, पाण्यानं भरलेलं आणि वर चार जास्वंदी तरंगत असलेलं जे रुंद भांडं दिसतं, ते मी. मी एक जुनी काशाची उरुळी आहे. पाहुणे येतात, "किती शोभतंय हो!" म्हणतात आणि माझ्याशेजारी बसून फोटो काढतात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. ओणमच्या पंगतीचं पायसम, म्हणजे गुळाची खीर, रांधायला जन्मलेली मी, आता फुलं तरंगवत बसले आहे.

माझा जन्म केरळातल्या मान्नारच्या भट्टीत झाला. कारागिरांनी आधी मेणाची उरुळी घडवली आणि तिच्यावर माती लिंपली. आग लागली तशी ती बिचारी वितळून वाहून गेली. तिच्या रिकाम्या जागेत तांबं आणि कथील ओतलं, ती मी झाले. मला या घरी आणलं तेव्हा भार्गवी बारा वर्षांची होती. तिच्या आईनं आठ दिवस माझ्यात नुसती तांदळाची पेज उकळली. "काशाला घाई खपत नाही," असं ती लेकीला म्हणाली. लेकीनं ते जन्मभर गाठीशी बांधून ठेवलं.

आमच्याकडे घर लेकीकडे राहतं; पुढे भार्गवीची भार्गवीअम्मा झाली आणि तिरुवोणमच्या, म्हणजे ओणमच्या मुख्य दिवसाच्या, जेवणाची सगळी जबाबदारी तिच्यावर आली. बत्तीस-पस्तीस माणसं, वीस-बावीस पदार्थ आणि बाराच्या ठोक्याला केळीची पानं मांडलेली हवीत. तिच्या हातात कधी कागद दिसला नाही. "बारापासून मागं मोजायचं," एवढंच ती म्हणायची. लोणचं पंधरा दिवस आधी. केळ्याचे काप आठवडाभर आधी. आल्या-चिंचेची पुळि-इंजी आदल्या दिवशी, म्हणजे रात्रभर मुरते. पापड मात्र माणसं पानावर बसल्यावरच तळायचे. आणि माझ्यातलं पायसम? त्याला ती घड्याळ लावत नसे. लाल तांदळाचा दाणा बोटांत दाबायची. आतला कण मोडला की मगच गूळ. गूळ पडला की तांदूळ शिजायचा थांबतो, मग तुम्ही डोंगर जाळलात तरी तो मऊ होत नाही. शेवटी विस्तव ओढून घ्यायची आणि नारळाचं पहिलं, दाट दूध माझ्या अंगच्या उष्णतेवरच सोडायची. त्या क्षणी तिचा हात माझ्या कानावर असे. बावन्न ओणम आम्ही दोघींनी असे पार पाडले. मला गर्व होता आणि तो मी लपवत नाही.

मग धाकटा मुलगा उण्णी याचं लग्न झालं आणि श्रीकला सून म्हणून आली. शहरात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी, कष्टाळू आणि फार भित्री पोर. तिनं लग्नानंतरच्या दुसऱ्या ओणमला स्वयंपाकाची यादी केली आणि भिंतीवर चिकटवली. नऊला तांदूळ, साडेदहाला गूळ, अकराला नारळाचं दुसरं, पातळ दूध. अम्मा यादीकडे बघून हसल्या.

"अगं मोळे, पोरी, तांदळाला वाचता येतं का?"

"असू दे अम्मा. अम्मावनांना जेवण वेळेवर लागतं. मागं त्यांनी थोरल्या जाऊबाईंना भर पंगतीत रडवलंय."

खोटं नव्हतं ते. अम्मावन म्हणजे मामा, भार्गवीअम्मांचे थोरले भाऊ, कुट्टप्पन नायर. तोंडाचे महाफटकळ. एकदा सांबारात मीठ जास्त झालं, तर "समुद्र घरी आणल्याबद्दल आभार" म्हणून थोरल्या सुनेला नमस्कार केला होता त्यांनी.

त्या वर्षी दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि सरपण ओलं होतं. चूल धुमसत होती, पेटत नव्हती. सव्वादहाला अंगणातून हाक आली, "भार्गवी! कुणी आहे का घरात, की सगळे चुलीत गेले?" भाऊ आला म्हटल्यावर अम्मांना सामोरं जाणं भाग होतं. जाताना त्या म्हणाल्या, "दाणा दाबून बघ हं. कण मोडला तरच गूळ."

श्रीकलानं मान हलवली. एकीकडे अवियलची भाजी, एकीकडे सांबार, धुरानं डोळे भरलेले. तिनं घड्याळ बघितलं. साडेदहा. यादी बघितली. बाहेर अम्मावनांचा आवाज चढत होता, "बारा म्हणजे बारा हं!" तिनं गुळाच्या पाकाचं पातेलं उचललं.

मित्रांनो, माझ्या पोटातला एकेक दाणा मला जाणवत होता. प्रत्येकाच्या मधोमध खडा होता. मी ओरडले असते, पण देवानं मला एवढं रुंद तोंड दिलं आणि जीभ दिली नाही.

अम्मा आल्या, त्यांनी पळी फिरवली आणि त्यांचा हात थबकला.

"टाकलास?"

"यादीत साडेदहाला होतं, अम्मा." श्रीकलाचा चेहरा पांढराफटक पडला. "आता काय होईल?"

अम्मांनी गरम पाणी घातलं, दुसरं दूध घातलं, विस्तव फुंकून फुंकून वाढवला. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी सुनेचे डोळे पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "गप्प राहायचं. मी बघते."

पंगत बसली. पानावर पायसम आलं. कुट्टप्पन नायरांनी पहिला घास घेतला, कुरकुर वाजवली आणि म्हणाले, "भार्गवी, मला दात थोडेच उरलेत गं. हे उण्णीला वाढ, तो जात्यावर दळून आणेल."

सगळे हसले. अम्माही हसल्या आणि थोरल्या भावाला म्हणाल्या, "माझ्याकडून घाई झाली, चेट्टा. गूळ आधी पडला."

हसू थांबलं. कारण गूळ केव्हा टाकायचा हे भार्गवीअम्मा विसरतात, ही गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कुट्टप्पन नायर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "वय झालं गं तुझं. उण्णी, पुढच्या वर्षी बाहेरून मागव."

"हो अम्मावन. अम्मा, तू आता खूप केलंस."

त्याला आईची माया होती म्हणूनच तो तसं बोलला. श्रीकला हातात पळी घेऊन उभी होती. तिचं तोंड उघडलं, मला दिसलं. मग ते मिटलं आणि ती पुढच्या पानावर वाढायला वाकली.

त्यानंतर घरात एक नवी सवय लागली. अम्मांचा चष्मा सापडेना, तर त्या विसरल्या. त्यांनी एखादी गोष्ट दोनदा विचारली, तर त्या विसरल्या. "अम्मा, गॅस राहू दे, मी बघतो," उण्णी म्हणायचा. त्या चुलीपासून एकेक पाऊल मागं सरत गेल्या. मला घासूनपुसून बैठकीत आणलं. श्रीकला रोज माझं पाणी बदलते, फुलं बदलते. माझ्याकडे बघत मात्र नाही.

यंदाच्या तिरुवोणमला घरात फोडणीचा वाससुद्धा नव्हता. अम्मा सणाची कोरी पांढरी मुंडू नेसून सकाळपासून माझ्याशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. बारापासून मागं मोजायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. श्रीकला फुलं घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं,

"मोळे, गेल्या वर्षी गूळ मीच टाकला होता ना गं?"

श्रीकलाच्या हातातली फुलं पाण्यात पडली. ती खाली बसली आणि अम्मांचे पाय धरून रडत म्हणाली, "नाही अम्मा. मी टाकला. तुम्ही बाहेर गेला होतात. तुम्ही मला सांगून गेला होतात, दाणा दाबून बघ म्हणून."

 अम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती गुणाची आहेस गं. म्हातारीचं मन राखायला चूक अंगावर घेतेस."

"खरंच सांगतेय अम्मा!"

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि डब्यांतून जेवण आलं. तेव्हा पावणेबारा झाले होते. वेळ अगदी बरोबर साधली होती.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, असं सांगायला मी बसलेले नाही. काशाला काही होत नाही, चिंच लावली की ते पुन्हा चकाकतं. पण आपली चूक दुसऱ्यानं पोटात घातली असेल, तर ती त्याच पंगतीत उठून सांगा. वर्षभर मुरवत ठेवू नका, ती काही पुळि-इंजी नाही. आणि जमलं तर एवढं करा. माझ्यातलं हे पाणी ओतून टाका, मला एकदा चुलीवर चढवा, भार्गवीअम्मांना शेजारी बसवा आणि कुणीही काही न बोलता तांदळाचा दाणा त्यांच्या बोटांत द्या.