एकसष्टी आणि मेंढरे

धुऊन आलेल्या फोटोंचे पाकीट सर्वांसमोरच फोडायचे, हा फिल्मच्या रोलवरच फोटो काढणाऱ्या सोलापूरच्या रोलप्रेमी मंडळाचा नियम. इंद्रजीत सरांचा नियम वेगळा होता: चुकून साधलेला फोटो ही कला नव्हे, निष्काळजीपणा. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला हेच शोभत होते.

त्या रविवारी पाकीट फोडताच सरांचा चेहरा उतरला. सासूबाईंच्या एकसष्टीचा वापरलेला रोल नवा समजून त्यांनी पुन्हा कॅमेऱ्यात भरला होता आणि त्यावरच माळशिरसला मेंढरांचे फोटो काढले होते. औक्षणाला बसलेल्या सासूबाईंच्या अंगावरून माळशिरसची मेंढरे चालली होती.

"अप्रतिम!" मंडळाच्या अध्यक्षा विजयमालाबाई म्हणाल्या. "मुद्दाम केलंत ना, सर?"

होकाराचा मोह सरांनी महत्प्रयासाने आवरला. "नाही. चूक झाली."

आपली मेंढरे पाहायला मुद्दाम आलेला बिरप्पा धनगर फोटोवर वाकला. "मेंढरं माजीच हायती की. पर ह्या मेंढीला कुकू कुणी लावलं?"

"मग सर, तुमच्या नियमानं ही कला नव्हे?" विजयमालाबाईंनी टोला हाणला.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही," सर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आई, येत्या रविवारी पुन्हा औक्षणाला बसाल का? हो, तीच साडी. मेंढरांचं मी बघतो."