तोर्लाइफची फळी

माझा नवरा, हालवर, कुठलंही काम हातात घेतलं की आधी हत्यारं शोधतो, मग चष्मा शोधतो, मग मला हाका मारतो. यंदा त्यानं फायरप्लेस हातात घेतली आणि मी कपाळाला हात लावला.

पण इलाज नव्हता. सासूबाई, बोर्गहिल्ड, समोरच्या बेटावर एकट्या राहतात. गेल्या हिवाळ्यात दोनदा अंगणात घसरून पडल्या. तेव्हापासून मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले होते की आमच्याकडे राहायला या. शेवटी हो म्हणाल्या, पण अटी घालूनच. "तुमचं घर म्हणजे मासळी ठेवायचं बर्फाचं गोदाम. ते आधी उबदार करा. आणि फायरप्लेसवरची तोर्लाइफची फळी मला रोज डोळ्यांसमोर हवी. नाहीतर मी माझ्या घरी बरी."

घर थंड होतं हे खरंच. उघड्या फायरप्लेसमध्ये कितीही लाकडं घाला, ऊब धुराड्यातून वर आणि आम्ही खाली कुडकुडत. म्हणून तिच्या पोकळीत बसवायची, काचेच्या दाराची बीडाची शेगडी आणली. धुराड्यात वरपासून खालपर्यंत पोलादी नळी सोडली. ठिणगी पडून लाकडी जमीन पेटू नये म्हणून समोर दगडी फरशी घातली. हालवरनं माहितीपुस्तिका वाचून वाचून पाठ केली. मी म्हटलं, "लग्नाच्या दिवशी एवढं लक्ष असतं तर अंगठी घरी विसरला नसतास."

आता ती फळी. तोर्लाइफ म्हणजे माझे सासरे. ते गेले, मागोमाग त्यांची होडी कुजली, तेव्हा ते ज्या फळीवर बसून वल्हवायचे तेवढी हालवरनं काढून आणली आणि फायरप्लेसच्या वर भिंतीवर स्क्रूनं बसवली. सासूबाई आमच्याकडे आल्या की मान वर करून तिच्याकडे बघत बसायच्या. बोलायच्या मात्र काही नाहीत.

शेगडी पेटवण्याआधी तपासून घ्यावी लागते. ज्या दिवशी सासूबाई यायच्या होत्या त्याच सकाळी तुरिड आली. गावातली सगळी धुराडी तपासायचं काम तिच्याकडे, आणि आवाज असा की धक्क्यावरचे पक्षी उडावेत. ती छपरावर चढली, उतरली, नळीत बॅटरी मारली, सांधे हलवून पाहिले, फरशीवर टेप धरली. "झकास रे हालवर! मला वाटलं होतं निम्मी शेगडी बाहेर लोंबकळत असेल."

हालवर फुगला. तेवढ्यात तुरिडनं नाक वर केलं. "डांबराचा वास कुठून येतोय?"

"फळीचा," हालवर छाती काढून म्हणाला. "दर वसंतात एक हात मारतो. बाबा होडीला मारायचे तसा."

"आगीच्या डोक्यावर? दरवर्षी? डांबर?" तुरिड माझ्याकडे वळली. "आणि तू काय करत होतीस?"

"मी ब्रश धुऊन देत होते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? वसंत आला की आमच्याकडे लाकूड दिसेल तिथे डांबर लागतंच. कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"फळी खाली काढा. डांबर नसतं तरी हेच सांगितलं असतं. शेगडीवरची भिंत तासन्‌तास तापते, लाकूड आतून वाळत जातं आणि एक दिवस आपलं आपण पेटतं."

"थोडी वर सरकवली तर?"

"वर छत आहे तुझं."

"खालून पत्रा मारला तर?"

"हालवर, डांबर प्यायलेलं लाकूड आहे ते! या भिंतीवर नको म्हणजे नको. ती निघेपर्यंत मी हलत नाही, आणि तू काडी लावायची नाहीस."

"अगं, दुपारच्या बोटीनं आई येतेय. फळी दिसली नाही तर आल्या पावली परत जाईल!"

"जाऊ दे. जिवंत तर राहील."

हालवरनं स्क्रू काढले. डोळे पुसायचे होते म्हणून चष्मा पुसत राहिला. लाकडं फोडायचे दोन ओंडके आणून शेगडीसमोर, खोलीच्या मध्यावर, त्यांवर आम्ही फळी तात्पुरती आडवी ठेवली. भिंत अगदी बोडकी दिसायला लागली. मलाही भरून आलं. माझी आई मी लहान असतानाच गेली. कॉफी पांचट झाली म्हणून मला टाकून बोलणारं या घरात कुणीतरी हवं होतं, आणि ते हातातोंडाशी येऊन परत चाललं होतं.

सासूबाई आल्या त्या नुसती पर्स घेऊन. "आई, तुमची बॅग?" मी विचारलं.

"धक्क्यावर ठेवलीय. आधी घर बघते, मग ठरवते." आत आल्या आणि त्यांनी वर बघितलं. हालवर, मी आणि कॉफीला थांबलेली तुरिड, तिघं माना खाली घालून उभे.

"आई, ऐक ना," हालवर चाचरला. "ती फळी..."

"दिसतेय मला. आंधळी नाही झाले अजून." त्या सरळ फळीपाशी गेल्या, स्कर्ट सावरला आणि बरोब्बर मधोमध बसल्या. दोन्ही हात कडेवरून फिरवले. "बसायची वस्तू ही. भिंतीवर टांगायला काय हरणाची शिंगं होती? इतकी वर, की हातसुद्धा पोचत नव्हता."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं टांगलेलीस, काय बोलणार? त्यांनी तरी मला कुठे बसू दिलं हिच्यावर. जन्मभर मी होडीत समोर, आणि ते इथे." बोलता बोलता त्या पुढे वाकल्या. शेगडीच्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"इथून असं दिसायचं होय त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "बरी दिसायचे की मी."

तुरिडनं खिशातून टेप काढली, फळीपासून शेगडीपर्यंत धरली आणि नाक ओढत म्हणाली, "एवढं लांब चालेल."

हालवर घाईघाईनं काड्यापेटी शोधायला लागला.

"काडी नंतर लाव," सासूबाई म्हणाल्या. "आधी धक्क्यावरून माझी बॅग घेऊन ये."