पुलाचं शून्य

निवृत्तीच्या सत्काराचा सरांना आधीपासूनच तिटकारा होता. सभागृहाच्या दारात स्वतःचा पुरुषभर उंचीचा फोटो दिसला आणि तिटकारा दुप्पट झाला. आयुष्यभर त्यांनी एकच विद्या शिकवली: न फोडता, न कापता बांधकामाच्या पोटातलं दुखणं ओळखायचं. त्या विद्येवर गब्बर झालेला त्यांचा पट्टशिष्य गुच्छ घेऊन असा वाकला होता की आता कमरेत मोडतो की काय.

नदीवरच्या मोठ्या पुलाला यंत्रं बसवली ती सरांनीच. पूल नवा असताना त्याची थरथर मोजून ठेवली आणि तिला 'शून्य' म्हटलं. या शून्यापासून थरथर जितकी ढळेल, तितका पूल आजारी. पुढे देखरेखीचं काम पट्टशिष्याच्या कंपनीकडे गेलं. आज त्याला सरांची एक सही हवी होती: पूल आणखी दहा वर्षं ठणठणीत. सरांची लेक रोज त्याच पुलावरून कामाला जायची, आणि तिच्यासारखी हजारो माणसं.

मंचावरच्या पडद्यावर पुलाचं चित्र झळकत होतं, सगळे दिवे हिरवेगार.

"इतक्या वर्षांत काहीच बदल नाही?" सरांनी विचारलं. "शून्य कुठलं धरलंयस?"

"दर वर्षी नवं घेतो, सर. जुन्याशी ताडून पाहिलं की सारखा भोंगा वाजायचा. लोक उगाच घाबरतात."

सरांना किळस आली. माणसाला काट्यावर उभं करायचं, त्याच्यासकट काटा शून्यावर आणायचा आणि म्हणायचं, बघा, वजन रतीभरही वाढलं नाही! बरं, हा गडी मूर्ख नव्हता. म्हणून तर जास्त किळस आली.

"जुनं शून्य लाव. आत्ताच्या आत्ता."

"कार्यक्रमानंतर बघू ना, सर. आधी सही तेवढी..."

तेवढ्यात त्याची बायको मुलांना घेऊन धापा टाकत आली. "उशीर झाला हो सर. लांबून यावं लागतं. आम्ही पुलावरून कधी येतच नाही, ह्यांना तिथे गरगरतं म्हणे. मुलांची बससुद्धा ह्यांनी दुसरी लावलीय!" ती हसली. तो हसला नाही.

म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं! स्वतःची पोरं लांबच्या रस्त्याने आणि दुसऱ्यांच्या पोरांना हिरवे दिवे. आपल्या खांद्यावर पडलेला त्याचा हात सरांनी झुरळ झटकावं तसा झटकला. आरडाओरडा केला असता तर म्हातारा चळला म्हणून लोकांनी पाणी पाजून खाली बसवलं असतं. त्यांनी सरळ माईक घेतला.

"एवढं प्रेम करता, तर माझी एक इच्छा पुरी करा. फोटो इथे नको, पुलावर काढू. आपण सगळे, अगदी मधोमध. माझा हा लाडका विद्यार्थी बायकोमुलांसकट पहिल्या रांगेत. सही मी तिथेच करतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला, खुर्च्या सरकल्या. "चला, तेवढाच पूल तरी बघायला मिळेल," म्हणत त्याची बायको मुलांना घेऊन निघालीसुद्धा. सर बघत राहिले. हा नाहीच बोलला, तर दारात आपण आडवं पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

शिष्याने त्यांचं मनगट धरलं. "नको सर! एवढी माणसं एकदम मधोमध नकोत, त्याला आता तेवढं झेपणार..."

माईक चालूच होता. निघालेली माणसं जागच्या जागी थबकली.

पहिल्या रांगेतून पूल खात्याचे मुख्य अभियंता उठले. त्यांनी तिथूनच फोन लावला. "दोन्ही टोकांना गाड्या अडवा. हो, आत्ता. कारण मग सांगतो."

सरांना जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. शिष्य काहीतरी पुटपुटत होता, पण त्याची बायको गर्दीतून वाट काढत परत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"आणि माझी आई?" ती म्हणाली. "ती तर रोज पुलावरूनच येते आपल्याकडे."